ऑटो-ट्यून करूनही तापमान झुलतंय? बँडला हात लावण्याआधी इंटिग्रल टाइम बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या युनिटमध्ये ५०० लिटरचं जॅकेटेड (बाहेरून पोकळ आवरण असलेलं) व्हेसल आहे. जॅकेटला स्टीम, स्टीमवर न्यूमॅटिक कंट्रोल व्हॉल्व्ह, आत पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर), कंट्रोलरची रेंज ० ते २०० अंश आणि सेटपॉइंट (हवं ते तापमान) ८०. ऑटो-ट्यूननं (कंट्रोलर स्वतः चाचणी घेऊन आकडे ठरवतो ती सोय) पीआयडीचे तीन आकडे दिले: प्रपोर्शनल बँड ४.२ टक्के (चुकीला, म्हणजे सेटपॉइंट आणि तापमानातल्या फरकाला, उत्तर किती जोरात; बँड लहान तितका जोर जास्त), इंटिग्रल ३१० सेकंद (साचलेली चूक किती वेळात भरून काढायची; आकडा मोठा तितकं सावकाश) आणि डेरिव्हेटिव्ह ७७ सेकंद (तापमान बदलण्याच्या वेगाला उत्तर). तरीही ३० वरून तापवताना तापमान ८७ पर्यंत जातं आणि मग बारा-बारा मिनिटांनी ८० च्या वरखाली झुलत राहतं. हंटिंग (हे झुलणं) कमी व्हावं म्हणून तुम्ही बँड १२ केला, तर झोका उलट मोठा झाला आणि अर्ध्या तासाजवळ गेला. पुन्हा ऑटो-ट्यून केलं की दर वेळी आकडे वेगळे. कंट्रोलर बदलावा का, असं तुम्ही विचारलंय.

बदलू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून कंट्रोलर त्याचं काम नीट करतोय. अडचण दोन ठिकाणी आहे: ऑटो-ट्यून ज्या नियमानं आकडे काढतो तो नियम तुमच्या व्हेसलसाठी नाही, आणि ती चाचणी ज्या परिस्थितीत झाली ती परिस्थितीच एका बाजूला कललेली होती. याशिवाय व्हॉल्व्ह किंवा स्टीम ट्रॅपमध्ये (स्टीम अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या भागात) दोष असू शकतो. तो तुमच्या पत्रावरून ठरवता येत नाही, म्हणून तो कसा तपासायचा तेही खाली लिहितो.

तुमच्याच आकड्यांकडे नीट बघा. ३१० भागिले ७७ म्हणजे जवळजवळ ४. इंटिग्रल हा डेरिव्हेटिव्हच्या चौपट आला, की समजायचं आत बहुधा झिगलर-निकोल्सचा नियम आहे. हा नियम १९४२ चा. त्यातले आकडे बसवल्यावर प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या साधारण एक चतुर्थांश व्हावा, एवढंच त्यात अपेक्षित आहे. म्हणजे थोडं झुलणं त्यात गृहीतच धरलेलं आहे. चाचणीची पद्धत मात्र नंतरची. स्वीडनच्या ऑस्ट्रॉम आणि हेगलुंड यांनी १९८४ मध्ये रिले पद्धत मांडली आणि आज बाजारातल्या बऱ्याच कंट्रोलरांत तीच किंवा तिचं भावंड आहे. कंट्रोलर काही वेळ पीआयडी बाजूला ठेवतो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, तापमान सेटपॉइंटच्या वर गेलं की पूर्ण बंद करतो, खाली आलं की पुन्हा उघडतो. दोन-तीन झोके झाले की झोक्याची उंची आणि एका झोक्याचा वेळ मोजून हिशोब करतो.

हिशोब असा: आउटपुटच्या (व्हॉल्व्ह किती टक्के उघडायचा त्या आकड्याच्या) उडीचं अर्धं घ्यायचं, ४ नं गुणायचं आणि ३.१४ गुणिले तापमानाच्या झोक्याची अर्धी उंची यानं भागायचं. मिळाला तो अल्टिमेट गेन, म्हणजे ज्या गेनला तापमान सतत झुलत राहतं तो (गेन म्हणजे १०० भागिले बँड). त्याच्या ०.६ पट गेन, झोक्याच्या निम्मा वेळ इंटिग्रल आणि एक अष्टमांश वेळ डेरिव्हेटिव्ह.

आता हाच हिशोब उलटा करू. इंटिग्रल ३१०, म्हणजे चाचणीतला झोका ६२० सेकंदांचा होता. बँड ४.२ टक्के म्हणजे गेन १०० भागिले ४.२, साधारण २३.८, त्यावरून अल्टिमेट गेन ३९.७. आउटपुट ० ते १०० असं उडत होतं, तर झोक्याची अर्धी उंची रेंजच्या १.६ टक्के, म्हणजे ३.२ अंश. थोडक्यात, ऑटो-ट्यून चालू असताना तापमान साधारण ७७ ते ८३ मध्ये, दहा मिनिटांच्या झोक्यानं फिरलं असणार. तुमच्या रेकॉर्डरवर त्या वेळचा ट्रेंड असेल तर ताडून बघा. जुळत असेल तर कंट्रोलरनं मोजमाप प्रामाणिकपणे केलंय, फक्त त्यावर लावलेला नियम बदलायचा आहे.

नियम का बदलायचा? इन्सुलेशन असलेलं व्हेसल हे उष्णता साठवणारं भांडं आहे. व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडा ठेवला तर तापमान चढत जातं, नव्या जागी लवकर स्थिरावत नाही. टाकीत पाणी भरल्यासारखंच. भांडं स्वतः साठवतं आणि कंट्रोलरमधला इंटिग्रलही चूक साठवत जातो. साठवणारे असे दोघे एकामागे एक आले की लूप (सेन्सर, कंट्रोलर, व्हॉल्व्ह आणि व्हेसल यांची साखळी) झुलायला टपलेलाच असतो. त्याला धरून ठेवतो तो प्रपोर्शनल. तुम्ही बँड ४.२ वरून १२ केला, म्हणजे धरून ठेवणारा हात जवळजवळ तिपटीनं सैल केला आणि इंटिग्रल तेवढाच, ३१० वर, ठेवला. म्हणून झोका लांबला आणि वाढला. फ्लोच्या किंवा प्रेशरच्या लूपवर ‘हंटिंग होतंय, बँड वाढव’ ही सवय बरेचदा चालते. अशा व्हेसलवर ती उलटते, आणि बहुतेक जण इथेच अडकतात. इन्स्ट्रुमेंटवाले बँड वाढवत राहतात आणि प्रत्येक पायरीला लूप आणखी बिघडतो.

साठवणाऱ्या प्रोसेससाठी वेगळे नियम उपलब्ध आहेत. टायरियस आणि लुबेन यांचा १९९२ चा नियम नेमका यासाठीच आहे: पीआयसाठी (म्हणजे डेरिव्हेटिव्ह न वापरता) गेन म्हणजे अल्टिमेट गेन भागिले ३.२ आणि इंटिग्रल म्हणजे झोक्याच्या वेळेच्या २.२ पट. तुमच्या आकड्यांवर तो लावला तर गेन १२.४, म्हणजे बँड साधारण ८ टक्के, आणि इंटिग्रल १३६० सेकंद. बँड दुप्पटच झाला, पण इंटिग्रल चौपटीहून जास्त वाढला. सगळा फरक त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

एकाच चाचणीवर विसंबू नका. मॅन्युअलमध्ये (आउटपुट हातानं देऊन) साधी स्टेप टेस्ट घ्या, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. व्हेसल नेहमीच्या लेव्हलपर्यंत पाण्यानं भरा, अॅजिटेटर चालू, तापमान ८० जवळ आणा. कंट्रोलर मॅन्युअलमध्ये टाका आणि तापमान जवळपास स्थिर राहील असं आउटपुट शोधा. तुमच्याकडे ते २० टक्क्यांच्या आसपास असेल असं धरतो. दहा मिनिटं हात लावू नका. मग एकदम २५ करा आणि घड्याळ लावा. तापमान हलायला किती सेकंद लागले तो डेड टाइम. त्यानंतर दर मिनिटाला किती अंश चढतं तो उतार, आधीच काही सरकत असेल तर ते वजा करून.

समजा डेड टाइम १०० सेकंद आला आणि ५ टक्क्यांच्या स्टेपला उतार मिनिटाला ०.२ अंश. रेंज २०० अंशांची, म्हणजे ०.२ अंश हे रेंजच्या ०.१ टक्का. भागिले ५, भागिले ६०: आउटपुटच्या एका टक्क्याला सेकंदाला रेंजच्या ०.०००३३ टक्का, हाच हिशोबातला उतार. नॉर्वेच्या स्कोगेस्टाड यांच्या २००३ च्या नियमात लूप किती वेगानं चालवायचा ते आपण ठरवायचं असतं. व्हॉल्व्ह आणि स्टीम यांची हमी नसेल तर मी डेड टाइमच्या दुप्पट, इथे २०० सेकंद, धरतो. डेड टाइम आणि हे मिळून ३००. गेन म्हणजे १ भागिले (०.०००३३ गुणिले ३००), म्हणजे १०, बँड १० टक्के. इंटिग्रल ३०० च्या चौपट, १२०० सेकंद. बघा, वेगळ्या वाटेनं जाऊनही त्याच गावात पोचलो: बँड ८ ते १०, इंटिग्रल १२०० ते १४००. तुमची स्टेप टेस्ट वेगळे आकडे देईल, तेव्हा माझे आकडे न घेता तुमच्या उतारावरून काढा.

यातून एक उपयोगी धागा हाती लागतो. गेन, इंटिग्रल आणि तो उतार यांचा गुणाकार ४ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. वरच्या उदाहरणात १० गुणिले १२०० गुणिले ०.०००३३, बरोबर ४. ऑटो-ट्यूनचे आकडे घातले तर २.५ च्या आसपास येतात, आणि बँड १२ व इंटिग्रल ३१० घातला तर ०.९ सुद्धा नाही. बँड १२ च ठेवायचा असेल तर इंटिग्रल १४४० पाहिजे. बँड जितक्या पटीनं वाढवाल, इंटिग्रलही तितक्याच पटीनं वाढवा.

डेरिव्हेटिव्ह सुरुवातीला शून्य ठेवा. लूप शांत झाल्यावर वाटलं तर २५ सेकंदांपासून चढवा आणि व्हॉल्व्ह थरथरायला लागला की मागे या.

आता दर वेळी आकडे वेगळे का येतात ते. तुमच्या व्हेसलला ८० वर राहायला २० टक्के आउटपुट पुरतं, पण रिले ० ते १०० उड्या मारतो. उघडल्यावर ८० टक्के जादा आणि बंद केल्यावर फक्त २० टक्के कमी. त्यामुळे चढ दोन मिनिटांत होतो आणि उताराला आठ मिनिटं लागतात, कारण गार करायला तुमच्याकडे काही नाही, उष्णता आपोआप बाहेर जाईल तेवढीच जाते. वरचं सूत्र दोन्ही बाजू सारख्या धरतं. हा कल जितका जास्त तितका झोक्याचा वेळ फुगतो. मग आज व्हेसल ३०० लिटर भरलेलं, उद्या ४५०. आज दुसऱ्या ड्रायरनं स्टीम ओढली, उद्या नाही. प्रत्येक वेळी उत्तर हलणारच.

उपाय सोपा आहे. ऑटो-ट्यूनपुरती आउटपुटची वरची मर्यादा ४० टक्के करा, म्हणजे २० मध्यावर येईल आणि चढ-उतार सारखे होतील. बऱ्याच कंट्रोलरांत ऑटो-ट्यून ही मर्यादा पाळतो, पण तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात खात्री करा. झोक्याची उंची आणि वेळ दोन्ही कमी होतील. सेन्सरच्या रीडिंगमधली थरथर (नॉइज) ०.२-०.३ अंशांच्या आत असेल तर अडचण नाही. काम झालं की मर्यादा परत १०० करायला विसरू नका, नाहीतर सकाळच्या शिफ्टला व्हेसल तापतच नाही म्हणून फोन येईल. स्टीम हेडरचं प्रेशर चाचणीभर स्थिर पाहिजे. लाकडावर किंवा ब्रिकेटवर चालणाऱ्या बॉयलरचं प्रेशर फायरिंगप्रमाणे खालीवर होतं, तेव्हा प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्हच्या पुढचा गेज बघा, हेडरचा नव्हे.

हे सगळं करण्याआधी लूपची तब्येत बघायला हवी, कारण ऑटो-ट्यून लूपमधल्या दोषासकट मोजमाप करतो. ओळखायची खूण अशी: चुकीच्या ट्यूनिंगचा झोका सहसा हळूहळू कमी होत जातो किंवा काही धक्का बसला की पुन्हा उठतो. तासन् तास त्याच मापाचा, घड्याळासारखा झोका चालू असेल तर यांत्रिक कारणाचा संशय घ्या. मॅन्युअलमध्ये २० टक्क्यांवर चाळीस मिनिटं सोडून द्या. तापमान एका दिशेनं सावकाश सरकलं तर ठीक. आपोआप वर-खाली होत राहिलं तर पीआयडीचा काही संबंध नाही, कुठलेही आकडे घातलेत तरी ते झुलणार.

व्हॉल्व्ह चिकटतोय का ते बघायला मॅन्युअलमध्ये आउटपुट अर्ध्या-अर्ध्या टक्क्यानं वाढवा आणि स्टेमवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावर) नजर ठेवा. ०.५, १, १.५ पर्यंत काहीच हललं नाही आणि मग एकदम उडी मारली, तर ग्लँड पॅकिंग (दांड्याभोवतीचं सील) जास्त आवळलंय किंवा स्पिंडल गंजलंय. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत दुसरी शक्यता नेहमी धरायची. पोझिशनर (व्हॉल्व्ह सांगितल्या जागी नेणारं उपकरण) नसेल तर बसवा, असेल तर त्याचं कॅलिब्रेशन बघा. पावसाळ्यात इन्स्ट्रुमेंट एअरमध्ये पाणी येतं आणि आय टू पी कन्व्हर्टरचा (विजेच्या सिग्नलचं हवेच्या दाबात रूपांतर करणाऱ्याचा) बारीक नोझल तुंबतो. जून ते सप्टेंबर एअर फिल्टर रेग्युलेटरचा बाउल रोज ड्रेन करा. मे महिन्यात नीट चाललेला लूप जुलैत बिघडला तर आधी तो बाउल उघडा, कंट्रोलर नंतर.

दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं, म्हणून जरा सविस्तर. ८० अंशांवर नुसतं राखायचं असतं तेव्हा जॅकेटला फार थोडी उष्णता लागते. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद, आतल्या स्टीमचं ९०-९५ अंशांवरच पाणी होतं, म्हणजे जॅकेटमधलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा कमी. अशा वेळी कंडेन्सेट (स्टीमचं झालेलं पाणी) बाहेर ढकलायला जोरच उरत नाही. त्यातून कंडेन्सेटची लाइन ट्रॅपपासून वर, डोक्यावरच्या रिटर्न हेडरला चढवलेली असेल तर प्रत्येक मीटर उंचीला साधारण ०.१ बार हवं. पाच मीटरला अर्धा बार. पाणी जॅकेटच्या तळाशी साठतं, तापणारा पृष्ठभाग कमी होतो, तापमान पडतं, कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडत जातो, प्रेशर वाढतं आणि एका झटक्यात सगळं पाणी बाहेर. आता पूर्ण जॅकेट मोकळं आणि व्हॉल्व्ह भलताच उघडा. तापमान उसळतं, पुन्हा तेच चक्र. खुणा: ट्रॅपच्या आधीची लाइन आळीपाळीनं गार-गरम होते, मधूनमधून पाइपात ठोके ऐकू येतात. यावर उपाय पाइपिंगचा आहे. जॅकेटला व्हॅक्यूम ब्रेकर (दाब कमी झाला की हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह) बसवा आणि ट्रॅपनंतरचं कंडेन्सेट उतारानं खालच्या उघड्या टाकीत जाऊ द्या, तिथून पंपानं वर न्या. हे नुसत्या ट्यूनिंगनं कधीच सुटत नाही.

सेन्सरही बघून घ्या. पीटी-१०० थर्मोवेलच्या (त्याच्या संरक्षक नळीच्या) तळाला टेकत नसेल तर मधल्या हवेमुळे तापमान उशिरा कळतं आणि तो उशीर थेट डेड टाइममध्ये जमा होतो. स्प्रिंग-लोडेड एलिमेंट आणि थोडी हीट ट्रान्सफर पेस्ट एवढ्यानं बराच फरक पडतो.

८७ पर्यंत जाणारा ओव्हरशूट वेगळा प्रश्न आहे. ३० वरून ८० ला जाताना मोठी चूक बराच वेळ राहते, इंटिग्रल भरत जातो आणि ८० ला पोचल्यावर व्हॉल्व्ह जिथे २० वर हवा तिथे ४०-५० वर असतो. भरलेला इंटिग्रल रिकामा व्हायला तापमान सेटपॉइंटच्या वर राहावं लागतं. इंटिग्रल वाढवल्यानं हे बरंच कमी होईल. उरलेल्यासाठी सेटपॉइंट रॅम्प वापरा, मिनिटाला १ ते १.५ अंश, आणि रॅम्प चालू तापमानापासून सुरू होतोय ना ते तपासा. रॅम्पभर आउटपुट १०० ला टेकत असेल तर रॅम्प जास्त वेगाचा आहे. कंट्रोलरमध्ये अँटी-रिसेट विंडअपची (इंटिग्रल जादा भरू न देण्याची) सोय असेल तर चालू करा.

आकडे भरताना एककं तपासा, विशेषतः जुन्या कंट्रोलरवरून पीएलसीत (प्रोग्रॅम करता येणाऱ्या कंट्रोलरमध्ये) जाताना. एकीकडे बँड टक्क्यांत, दुसरीकडे गेन; एकीकडे इंटिग्रल सेकंदांत, दुसरीकडे मिनिटांत किंवा मिनिटाला किती रिपीट असा. १२०० सेकंद म्हणजे २० मिनिटं म्हणजे मिनिटाला ०.०५ रिपीट. शेवटच्या प्रकारात आकडा वाढवला की इंटिग्रल तेज होतो, मंद नव्हे.

सुरक्षिततेबद्दल काही गोष्टी स्पष्ट सांगतो. रिॲक्शन चालू असलेल्या बॅचवर, खास करून उष्णता बाहेर पडणाऱ्या रिॲक्शनवर, ऑटो-ट्यून कधीही चालवायचं नाही. चाचणीत तापमान मुद्दाम झुलवलं जातं आणि गार करायला तुमच्याकडे काही नाही. पाण्यावर करा, चवथीला (गणेश चतुर्थीला) युनिट बंद होण्याआधी व्हेसल रिकामं होतं तेव्हा वेळ मिळतो. हाय-टेम्परेचर कटआउट कंट्रोलरपासून वेगळा आणि चालू स्थितीत असला पाहिजे. औषधाचं युनिट असेल तर आकडे बदलण्याआधी चेंज कंट्रोल (बदलाच्या मंजुरीचा अर्ज) भरा आणि क्वालिटीला कळवा, कारण ते आकडे तुमच्या क्वालिफिकेशनच्या कागदांत असतात. खरा माल पाण्यापेक्षा घट्ट असेल तर लूप जरा मंद वागेल, म्हणून पाण्यावरच्या आकड्यांनी पहिल्या बॅचला जवळ उभं राहा.

जॅकेटच्या आउटलेटला दुसरा पीटी-१०० बसवण्याची सोय असेल तर कास्केड करणं सगळ्यात चांगलं: आतला लूप जॅकेटचं तापमान धरतो, बाहेरचा व्हेसलचं. आधी आतला ट्यून करायचा, तो ऑटोत शांत चालला की मगच बाहेरचा. आतला किमान चार-पाच पट वेगवान हवा. स्टीमच्या प्रेशरमधले चढउतार मग व्हेसलपर्यंत फारसे पोचत नाहीत.

जुने आकडे आधी लिहून ठेवा. नवे घातल्यावर तासाभराचा ट्रेंड इथे टाका, आणि त्यात तापमानाच्या रेघेबरोबर आउटपुटची रेघही दिसू द्या. आउटपुट त्रिकोणी चढतंय-उतरतंय आणि तापमान मध्येच उडी मारतंय, की दोन्ही गोल लाटांसारखे चाललेत, हे बघितल्याशिवाय व्हॉल्व्हचा दोष आहे की ट्यूनिंगचा हे मी खात्रीनं सांगू शकणार नाही.